स्वयंपाकघरातल्या चपला

२०२४ सालच्या डिसेंबरची नऊ तारीख, सोमवार. मागितलेली रक्कम तेवीस हजार चारशे रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको, गुडघ्यातला 'मवाद', म्हणजे पू, नळीने ओढून काढतो म्हणणारा एक माणूस, आणि प्रत्येक ओढीला मोठ्याने आकडा म्हणणारा त्याचा जोडीदार. जागा, शहाद्याहून बाहेर पडणाऱ्या एका रस्त्यालगतचा भाड्याचा गाळा. शटर अर्धं खाली ओढलेलं.

एवढं आधी लिहून टाकतो, कारण त्या दिवसाबद्दल सांगायला लागलो की किळसच पुढे येते आणि आकडे मागे राहतात. मी आकड्यांचा माणूस आहे. गावच्या सोसायटीत हिशेब बघतो, घरची केळी आणि पपई बघतो, आणि कुणी रक्कम 'साधारण' सांगितली की मला चैन पडत नाही.

आमचं गाव ब्राह्मणपुरीच्या पट्ट्यातलं. तीन वर्षांपूर्वी आम्ही नवं घर बांधलं. जुन्या घरात स्वयंपाकघराची जमीन मातीची होती, शेणाने सारवलेली, आणि बायको चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करायची. नव्या घरात चकचकीत फरशी आली, गॅस आला, उंच ओटा आला. फरशी बायकोनेच पसंत केली होती. दुकानात तिने तीवरून हात फिरवून बघितला होता, पाय ठेवून बघितला नव्हता. पाय ठेवून बघायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंही नाही.

देव मात्र जुन्या घरात होते तसेच स्वयंपाकघरात राहिले. आईचा तो एकच आग्रह होता. गवंड्याने पूर्वेच्या कोपऱ्यात संगमरवरी कोनाडा करून दिला. देव स्वयंपाकघरात, म्हणून तिथे चप्पल नाही. तशी ती घरात कुठेच नव्हती, चपला पडवीतच निघतात. पण बाकीच्या घरात एखाद्याने विसरून आणली तर आई नुसतं बघते. स्वयंपाकघरात कुणी विसरतच नाही.

फरशीवर वर्ष काढलं आणि बायकोची डावी टाच दुखायला लागली. दुखण्याची रीत चमत्कारिक होती. दिवसभर ती चालायची, पण सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की भिंत धरायची. टाचेच्या तळाशी कुणी खिळा ठोकतंय असं ती म्हणायची. खोलीच्या दारापर्यंत गेली की खिळा निघायचा. दुपारी जरा पडून उठली की पुन्हा खिळा. शेजारणींनी रुईची पानं तेल लावून गरम विटेवर ठेवायला आणि त्यावर टाच दाबायला सांगितलं. ते केलं. शेकाने बरं वाटायचं, वीट गार झाली की संपलं. मेडिकलवाल्याकडून ती परस्पर गोळ्या आणायची. मग जळजळ सुरू झाली. टाच वाचवायला ती चवड्यावर चालायला लागली आणि सहा महिन्यांत डावा गुडघाही धरला, सुजला.

इथे तिच्या आईबद्दल सांगायला हवं. माझ्या सासूबाईंचे गुडघे साठीच्या आतच गेले होते. त्यांना कुणी कुठे दाखवलं नाही. म्हातारपण आहे म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. शेवटची काही वर्षं त्या घरात बसल्या-बसल्या घसरत फिरायच्या. खाली गोणपाटाचा तुकडा, दोन्ही तळहात जमिनीला. तळहातांची कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली होती. घरात माणूस आलं की त्यांना आधी त्याचे पाय दिसायचे, मग तोंड. बायको हे फार सांगत नाही. पण गुडघा सुजला त्या आठवड्यात एकदा पाय चेपता चेपता म्हणाली, "मनी माय घसरी घसरी मरनी. माले घसरनं नही."

तिची मागणी एवढीच होती. दुखणं पूर्ण जावं असंही तिने कधी म्हटलं नाही.

दिवाळीनंतर मी तिला शहाद्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला, टाचेच्या हाडाला खाली आलेलं बारीकसं टोक दाखवलं, थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. ती मुलगी वयाने आमच्या पुतणीएवढी. तिने तासभर दिला, हे मला तिच्या फीपेक्षा जास्त वाटलं. तिने स्वतःचा बूट काढून तळव्यावर बोट फिरवून दाखवलं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो. दुखणं त्याच्या मुळाशी असतं. रात्रभर पाय सैल पडला की तो आखडतो, आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून तो खिळा. हाडाचं टोक न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांनाही असतं, त्याच्याकडे बघू नका, असं तिने दोनदा सांगितलं. गुडघ्याची झीज आहे, पण फार नाही. मांडीचा स्नायू दुबळा झालाय, तो मजबूत केला की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

मग तिने विचारलं, "काकू, दिवसातून ओट्यापाशी किती वेळ उभ्या असता?"

बायकोने मोजून सांगायला सुरुवात केली. सकाळचा चहा, डबे, गड्यांच्या भाकरी, दुपारचं, संध्याकाळचं. ते सात तासांपर्यंत गेलं तेव्हा मीच चकित झालो. इतकी वर्षं मी गड्यांची हजेरी लावतो, ही हजेरी कधी लावली नव्हती.

"पायात काय असतं?"

"काही नाही," बायको म्हणाली, जणू शाबासकी मिळणार होती.

डॉक्टरीणबाईने तिथेच हात जोडले. म्हणाली, व्यायाम तर कराच, पण अनवाणी या फरशीवर उभं राहणं आधी थांबवा. टाचेखाली मऊ, जाड तळाची चप्पल, घरात, ओट्यापाशी, सकाळी पलंगावरून उतरतानाही. बायको हसली. स्वयंपाकघरात देव आहेत, ती म्हणाली. डॉक्टरीणबाईने माझ्याकडे बघितलं. मी एक्स-रेकडे बघितलं.

घरी येऊन मी विषय काढला. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, चप्पल नवी असली तरी ती चप्पलच ना. मी म्हणालो, बाहेरची माती लागलेली नसेल. ती म्हणाली, मग हातात घालू दे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. पण खरं सांगायचं तर बायकोलाच ते नको होतं. तिने तडजोड म्हणून मोजे घातले. फोडणीचं तेल सांडलेल्या जागी घसरली, आणि मोजे गेले. मग ओट्यापुढे गोधडीची चौघडी घालून ठेवली. पण बाई ओट्यापुढे एका जागी उभी थोडीच राहते. ती पाण्याकडे जाते, डब्यांकडे जाते, देवाच्या दिव्यात तेल घालायला जाते. गोधडी तिथेच, आणि ती फरशीवर. व्यायाम नऊ दिवस केले. दहाव्या दिवशी म्हणाली, काही फरक नाही, आणि सोडले. डॉक्टरीणबाईने तीन-चार महिने सांगितले होते.

तिच्या डोक्यात एक्स-रेमधलं ते टोक बसलं होतं. काहीतरी वाढलंय, मग वाढलेलं काढून टाकायला हवं. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणल्याने ते कसं निघणार? कुणी काढून देणारा हवा होता, आणि तो भेटला.

आधी भेटला तो त्याचा माणूस. शहाद्याच्या भाजीबाजारात बायको माझ्याशेजारी लंगडत चालली होती. इस्त्रीचा शर्ट, बोटात मोटारसायकलची किल्ली, असा एक गृहस्थ जवळ आला. "ताई, डावा गुडघा ना? माझ्या आईचाही डावाच होता." त्याची आई म्हणे दोन वर्षं खाटेवर होती, आता शेतात जाते. एक वैद्य आलेत, थोडेच दिवस आहेत, गुडघ्यातला मवाद ओढून काढतात, तुमच्या डोळ्यांसमोर. मी त्याला चहा विचारला, त्याने नको म्हटलं. पत्ता सांगितला आणि भाजी न घेताच निघून गेला. चहासुद्धा घेत नाही म्हणजे याचा यात काही मतलब नसणार, असं मी मनात जुळवलं. सात रुपयांची पावती दोनदा बघणारा माणूस मी.

गाळ्याबाहेर पाटी होती, तपासणी दोनशे रुपये. आत एक बाकडं, एक स्टूल, भिंतीवर सांगाड्याचं चित्र. नळीवाला पन्नाशीचा, दाढी नीट कापलेली, तोंडात सुपारी. त्याने बायकोचा गुडघा दोन बोटांनी दाबला आणि मान हलवली. टाच दाबली, पुन्हा मान हलवली. म्हणाला, पिकलंय, बाईसाहेब, आतून पिकलंय. हाड कुजायला लागायच्या आत आलात. मी दर विचारला. जेवढा निघेल तेवढ्याचाच हिशोब, तो म्हणाला, आधी निघू तर द्या, शेठ. त्या वाक्यालाच मी उठायला हवं होतं. पण 'कुजायला' हा शब्द बायकोने ऐकला होता आणि तिने माझी बाही धरली होती.

त्याने गुडघ्यावर पांढरी पूड चोळली आणि पाण्याचा हात फिरवला. खिशातून अर्धं ब्लेड काढलं, रुमालाला पुसलं. तो रुमाल मी विसरू शकत नाही. त्याच रुमालाने त्याने थोड्या वेळापूर्वी मान पुसली होती. ब्लेडने कातडीला तिळाएवढी चीर दिली. मग बोटभर लांबीची पितळी नळी घेतली, एका टोकाला धोत्र्याच्या फुलासारखी पसरट. पसरट तोंड चिरेवर, बारीक तोंड स्वतःच्या ओठांत. गाल आत गेले. माझ्या बायकोच्या गुडघ्यावर वाकून तो परका माणूस ओढत होता, चुळूचुळू आवाज येत होता, आणि ती छताकडे बघत होती. मग त्याने नळी वाटीवर धरली आणि फुंकली. पिवळं, घट्ट, पिठल्यासारखं काहीतरी वाटीत पडलं. त्याच्या ओठापासून नळीपर्यंत लाळेची एक तार लोंबत राहिली, ती त्याने बोटाने तोडली.

"एक," जोडीदार म्हणाला.

वाटी स्टीलची होती, आमच्या घरी कढीला असते तशीच. त्यानंतर महिनाभर मी कढी ताटात वाढून घेतली.

गुडघ्याच्या चार बाजूंना, मग टाचेला, मग पुन्हा गुडघ्याला. वास येत होता, सुपारीचा, लवंगेचा आणि नासलेल्या दुधासारखा. आकडा वाढत होता. मी वाटीकडे बघत होतो. वाटी अर्धी भरत आली आणि गुडघा होता तेवढाच होता. आतून इतकं निघालं तर सूज उतरायला नको? पिवळ्यात रक्ताचा एक ठिपका नव्हता, चिरेवर मात्र ताजं लाल रक्त होतं. बाविसाव्या आकड्याला मी पँट वर केली आणि उजवा गुडघा पुढे केला. म्हणालो, माझाही बघा. नळीवाल्याला आनंद झाला. पूड, पाणी, तेच ब्लेड. त्याचे गार ओले ओठ नळीच्या कडेवरून माझ्या कातडीला लागले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पण मला बघायचं होतं. चार वेळा ओढलं. चारही वेळा तेच पिवळं, तेवढंच घट्ट.

"माझा गुडघा दुखत नाही," मी म्हणालो. "कधीच दुखला नाही."

त्याने तोंड पुसलं. जरासुद्धा गडबडला नाही. "अजून दुखला नाही, शेठ. दुखणार होता. नशीब समजा, वेळेवर आलात."

"सव्वीस," जोडीदार म्हणाला.

मग दर कळला. एका ओढीचे नऊशे. सव्वीस गुणिले नऊशे. गुणाकार बरोबर होता, त्यात त्याने एका रुपयाची चूक केली नाही. मी म्हणालो, हे थोतांड आहे, दोनशे तपासणीचे घ्या आणि बाजूला व्हा. तो ओरडला नाही. उलट हळू आवाजात बायकोशी बोलायला लागला. अर्धवट काढलेला मवाद वर चढतो, बाईसाहेब. मग मांडीपासून पाय काढावा लागतो. शेवटचं औषध लावायचं राहिलंय, साहेबांची मर्जी नसेल तर नका लावू. जोडीदार शटरपाशी जाऊन उभा राहिला होता.

बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. "दी टाका त्यासले," ती म्हणाली. "मन्हा पाय जाई."

ठिबकच्या नळ्या आणायला खिशात अकरा हजार ठेवले होते. ते मी दिले. माझ्या गुडघ्याचे छत्तीसशे तर कधीच देणार नाही असं सांगितलं. हे सांगताना मला वाटत होतं की मी काहीतरी ठाम बोलतोय. बाकीचे बारा हजार चारशे आठवड्यात आणून द्या, असं म्हणून त्याने माझा नंबर घेतला आणि शेवटचं औषध लावलं. ती राख होती.

परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर मागून बायको म्हणाली, पाय हलका वाटतो.  दोन दिवस ती तेच म्हणत राहिली आणि मला तिचा नाही, त्या हलकेपणाचाच राग यायला लागला. आईला आम्ही सांगितलं की इंजेक्शन दिलं.

तिसऱ्या दिवशी टाचेवरची चीर लाल झाली, चौथ्या दिवशी पिकली. आता मात्र खरा पू आला, आणि तो पिठल्यासारखा नव्हता. ताप चढला. पुन्हा हाडांचे डॉक्टर. त्यांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि ब्लेड कसलं होतं ते विचारलं. मी सांगितलं. तुम्हालाही लावलं का, त्यांनी विचारलं. मी पँट वर केली. त्यांनी खुर्ची पुढे ओढून माझा गुडघा बघितला. मग म्हणाले, दोघांनी रक्त तपासून घ्या, काविळीसाठी आणि एड्ससाठी, आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा.

सरकारी दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं शेजारी बसलो, कोपरात कापूस दाबून. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. समोरून आमच्याच गावचा एक जण गेला, थांबला, आणि कसली तपासणी म्हणून विचारलं. साखर, मी म्हणालो. मग बायकोला मी माझ्या गुडघ्याचं नीट समजावून सांगितलं, की न दुखणाऱ्या पायातूनही तेच निघालं, म्हणजे ते पायातलं नव्हतंच, त्याच्या गालातलं किंवा नळीतलं होतं. ती कापसाकडे बघत राहिली. "मंग तुम्ही पैसा का दिनात?" तिने विचारलं. तूच म्हणालीस म्हणून, असं मी म्हणू शकलो असतो. 

त्यानंतर ती कुठल्याच इलाजाचं नाव काढेना. जखम भरत होती, पण टाच टेकवत नव्हती. डॉक्टरीणबाईकडे चल म्हटलं की तोंड फिरवायची.

जानेवारीतल्या एका सकाळी मला आवाजाने जाग आली. फरशीवरून काहीतरी ओढत नेल्याचा आवाज. थांबून थांबून. उजाडायला लागलं होतं. बाहेर येऊन बघितलं तर बायको जमिनीवर बसलेली, खाली ती ओट्यापुढची गोधडी, दोन्ही तळहात फरशीला टेकलेले, आणि ती स्वयंपाकघराकडे घसरत चालली होती. मला बघून थांबली. मग पुन्हा निघाली, कारण दूध तापवायचं होतं.

स्वयंपाकघरात आई देवापुढे बसली होती, समईची वात वर करत. तिने मान वळवली आणि सुनेला दारातून तशी आत येताना बघितलं. बायकोने ओट्याची कड धरून स्वतःला वर ओढलं, गॅस पेटवला, पातेलं ठेवलं. 

"कधीपाईन चालू शे हाई?" आईने विचारलं.

"चार-पाच दिन व्हयनात," बायको म्हणाली, दुधाकडे बघत. "पहिला पाऊलले लई दुखस. नंतर मी चालस."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी आईपुढे उभा राहिलो आणि इंजेक्शन दिलं नव्हतं हे सांगितलं. गाळा सांगितला, नळी सांगितली, रुमाल, ब्लेड, वाटी, लाळ, सगळं. देवासमोर सांगितलं. म्हणालो, रस्त्यावरच्या माणसाची थुंकी हिच्या पायाला लागली, त्याच पायाने ही रोज या स्वयंपाकघरात उभी राहते, देवाला दिवा लावते, ते आपल्याला चाललं. दुकानातून आणलेली कोरी चप्पल मात्र चालत नाही. बायको पाठमोरी होती. तिचे खांदे आक्रसलेले मला दिसत होते, पण मी थांबलो नाही. बोलून झाल्यावर माझी मलाच किळस आली, इतक्या बारकाईने मी ते सांगितलं होतं.

आईने पैशांचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तोंड लावं त्यानी?"

"नळीने."

तिने वात सारखी केली, हात जोडले, उठून हात धुतले.  संध्याकाळी मला हाक मारली.

"भाऊ, सुतारले बोलाव. देव मधली खोलीमा ठेव. तठे बी त्या देवच शेतस."

मी काही म्हणणार होतो. तिने हात वर केला.

"आनि हिले चपला आन. दुकानमाईन सरळ घर आन, रस्तावर टाकू नको."

शहाद्यात चपलांचं एक जुनं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. तिथल्या चाचांना मी मऊ, जाड तळाची, टाचेला जरा उंच चप्पल मागितली. त्यांनी विचारलं, न्हाणीघरासाठी? स्वयंपाकघरासाठी, मी म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "मग रंग चांगला बघू, भाऊ. इज्जतीच्या जागी चालली." तीनशे वीस रुपये झाले. डबा मी मोटारसायकलच्या हँडलला न अडकवता शर्टात खुपसून आणला.

सुताराने मधल्या खोलीत सागाच्या फळ्यांचा छोटा देव्हारा ठोकून दिला. आईने देव हलवायला हात लावला नाही. मलाच सांगितलं, आणि मी एकेक टाक उचलून नेत असताना ती उंबऱ्यात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती की जागा फार लांब नाही, दोन पावलांवर आहे. रिकाम्या कोनाड्यात आता मिठाची बरणी आणि डाळीचा डबा असतो.

पहिल्या दिवशी बायको मिठाला हात लावायच्या आधी चपला काढायची. पुन्हा घालायची, पुन्हा काढायची. आईने दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "काढू नको व. नहीते देव कसाले हलवात?"

त्यानंतर आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईकडे गेलो. तिने टाचेवरचा व्रण बघितला, विचारलं, ऐकलं, आणि आम्हाला रागावली नाही. मला ते बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं. या वेळी बायकोने सगळं केलं. पलंगावरून उतरायच्या आधी बोटं स्वतःकडे ओढून धरायची, मगच पाय खाली, तोही चपलेत. भिंतीला हात टेकून पाय मागे, टाच जमिनीला, पोटरी ताणायची. पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरवायची. संध्याकाळी मालिका बघताना खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायचा, दहापर्यंत मोजून सोडायचा. मोजणी माझ्याकडे. उकिडवं बसणं बंद, लांब दांड्याचा पोछा आला, भाजी निवडणं टेबलावर गेलं. मेडिकलवाल्याच्या परस्पर गोळ्या बंद. फेब्रुवारीभर काहीच फरक नव्हता आणि घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. मार्चमध्ये एका सकाळी ती भिंत न धरता दारापर्यंत गेली आणि मला न सांगताच चहा करायला निघून गेली. मी पलंगावरून बघितलं होतं.

रक्ताचे दुसऱ्या वेळचे दोन्ही निकालही त्याच महिन्यात पहिल्यासारखेच निर्धोक आले.

एप्रिलमध्ये कामासाठी नंदुरबारला गेलो होतो. बसस्टँडवर मोलगीकडे परतणारं एक म्हातारं जोडपं बसलेलं, म्हाताऱ्याच्या हातात काठी, आणि त्यांच्यापुढे वाकून तोच इस्त्रीचा शर्ट, बोटात तीच किल्ली. त्याची आई या वेळी उजव्या गुडघ्याने आजारी होती. मी जाऊन म्हाताऱ्याला सांगितलं, हा ठग आहे, माझ्या चांगल्या पायातूनही त्यांनी मवाद काढला. ते डोंगरातले, त्यांची बोली वेगळी, माझी मराठी त्यांना किती कळली कोण जाणे. गृहस्थ हसून बाजूला झाला आणि गर्दीत गेला. म्हातारी माझ्याकडेच संशयाने बघत होती, आणि तिने आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग गाडी आली आणि म्हातारा काठी टेकत चढला. पायरीवर त्याला दोघांनी धरलं.

बायकोची टाच अजून कधी कधी सकाळी आठवण देते. गुडघा कुरकुरतो. तो नवा होणार नाही, मांडी त्याला सांभाळेल, हे डॉक्टरीणबाईने स्पष्ट सांगितलंय. पण ती घसरत नाही. पहाटे तिच्या चपलांचा चपचप आवाज येतो. आई मधल्या खोलीत देवापुढे बसलेली असते आणि त्या आवाजाला दर वेळी नाक मुरडते.

नळीवाल्याचा फोन काही दिवस येत राहिला, राहिलेल्या बारा हजार चारशेसाठी. मी उचलत नव्हतो. एकदा आईने उचलला आणि काय बोलली ते मला सांगितलं नाही, पण त्यानंतर आला नाही. ती बाकी दिलेली नाही. सुताराचे साडेआठशे झाले. मी पाकीट काढलं होतं, आईने मला थांबवलं, कनवटीची गाठ सोडली, आणि आपल्या पैशांतून साडेआठशे स्वतः मोजून त्याच्या हातावर ठेवले.